जुने रबरी वुडपिजन डिकॉय: शोधायचे कसे, जपायचे कसे

ब्रिटनमधल्या शेतांवर वुडपिजन या रानकबुतराला भुलवून खाली उतरवायला मांडायचे डिकॉय, म्हणजे बनावट पक्षी, आज बहुतेक कडक प्लॅस्टिकचे, फोमचे किंवा कापडी मिळतात. स्वस्त असतात, वजनाला हलके असतात, एकात एक बसतात. तरी जुन्या रबरी डिकॉयना मागणी आहे आणि त्याला कारण आहे. रबर पिशवीत खडखडत नाही. पाऊस पडून गेल्यावर प्लॅस्टिकची पाठ चकाकते, रबराची तितकी नाही. पातळ रबरी शेल, म्हणजे आतून पोकळ कवच, काठीवर ठेवलं की वाऱ्याच्या झुळकीसरशी शेपटी हलकीशी डोलते, आणि दाणे टिपणारा पक्षी लांबून तसाच दिसतो. हे साचे आता बंद झाले आहेत. म्हणजे जे मिळेल ते जुनं, आणि जुनं रबर म्हणजे सतत बदलत राहणारी वस्तू.

या वाटेवर नवीन असाल तर एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा: विकत घ्यायचं ते रबर, रंग नव्हे. उडालेला रंग पुन्हा देता येतो. मेलेलं रबर परत येत नाही.

आधी पक्षी नीट पाहा

वुडपिजन म्हणजे गावातल्या इमारतींवर बसणारं कबूतर नव्हे. तो अंगाने मोठा, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ४० सेंटिमीटर. पाठ निळसर राखाडी, छाती फिकट गुलाबी-जांभळट, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका, पंखावर पांढरा पट्टा आणि शेपटीच्या टोकाला गडद पट्टी. मानेवरचा पांढरा ठिपका फक्त प्रौढ पक्ष्याला असतो, पिल्लांना नसतो. पंखावरचा पट्टा उडताना झळकतो. बसलेल्या पक्ष्यात मिटलेल्या पंखाच्या कडेला त्याची बारीक रेघ तेवढी दिसते. डिकॉय निवडताना आणि पुढे रंगवताना या खुणा डोळ्यांपुढे असायला हव्यात.

स्टॉक डव्ह हा त्याचा लहान भाऊबंद. त्याच्या मानेवर पांढरं काही नसतं, आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तोही वुडपिजनच्या डिकॉयवर उतरतो, म्हणून हा फरक ओळखता येणं शेतावर जाण्याआधीची अट समजा.

कायद्याचंही इथेच सांगून टाकतो. डिकॉय विकत घ्यायला किंवा जवळ ठेवायला कोणताही परवाना लागत नाही. शॉटगनने शिकार करण्यासाठी वापरायचा असेल तर शॉटगन सर्टिफिकेट, शेतमालकाची परवानगी आणि जनरल लायसन्सच्या (वेगळा अर्ज न करता सगळ्यांना लागू होणाऱ्या सरकारी परवान्याच्या) अटी, हे तिन्ही लागतं. १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टमुळे ब्रिटनमधल्या सगळ्याच रानपक्ष्यांना संरक्षण आहे. वुडपिजन मारता येतो तो पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासारख्या ठरावीक कारणांसाठीच. इंग्लंडमध्ये त्यासाठी नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेचं जीएल ४२ हे लायसन्स आहे. स्कॉटलंड आणि वेल्सची लायसन्सं वेगळी. एप्रिल २०१९मध्ये न्यायालयीन आव्हानानंतर इंग्लंडमधली जुनी जनरल लायसन्सं एकाएकी मागे घेतली गेली होती, तेव्हा दर वर्षी ताजा मजकूर वाचूनच बाहेर पडा. ज्यांना फक्त पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत किंवा संग्रह करायचा आहे, त्यांनी पुढचं सगळं निश्चिंतपणे वाचावं.

पायरी १: रबर म्हणून जे विकतात ते रबरच आहे का?

विकणारे कोणत्याही मऊ वस्तूला रबर म्हणतात. त्यातला बराच माल मऊ पीव्हीसी किंवा फोम असतो. दोन्हींचं म्हातारपण वेगळं आणि दुरुस्तीही वेगळी, म्हणून ओळख आधी.

नैसर्गिक रबर दोन बोटांत धरून किंचित ताणलं आणि सोडलं की लगेच जागेवर येतं. मऊ पीव्हीसी सावकाश, आळसावल्यासारखं परततं. कोरडं बोट रबरावरून फिरवलं तर ते अडकत अडकत जातं, पीव्हीसीवर घसरतं. जुनं पीव्हीसी तेलकट होतं, कारण त्यात मिसळलेलं मऊपणा देणारं द्रव्य बाहेर झिरपतं. रबराचा वास सायकलच्या दुकानासारखा, पीव्हीसीचा नव्या शॉवरच्या पडद्यासारखा. सुई तापवून टोचायचा किंवा तुकडा जाळून पाहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वस्तू खराब होते आणि पीव्हीसी जळताना निघणारा धूर घातक असतो.

पायरी २: शोधायचं कुठे

ऑनलाइन लिलावात नेमकं नाव टाकून शोधणारे पुष्कळ असतात. ज्याला वस्तू काय आहे हे माहीत आहे, तो तिची किंमतही जाणतो. तुमचा फायदा आहे तो माहीत नसलेल्या विक्रेत्याकडे. आजोबांची शेड रिकामी करणारा नातू त्यांना ‘बागेतला पक्षी’, ‘पक्षी पळवायचं बुजगावणं’, ‘जुनी खेळणी’ असं काहीही म्हणतो. डिकॉय या शब्दाची चुकीची स्पेलिंगं, कबुतरासाठीचे इंग्रजीतले दोन्ही शब्द, शिवाय ‘शिकारीचं जुनं सामान’ अशा ढोबळ नावाचे गठ्ठे, या सगळ्यांचे शोध साठवून ठेवा आणि सूचना चालू करा.

माझा जास्त भरवसा मात्र प्रत्यक्ष जागांवर आहे, कारण रबर हातात घेतल्याशिवाय कळत नाही. ग्रामीण लिलावगृहांत काडतुसांचे पट्टे, जाळ्या आणि जुन्या पिशव्या यांचा एकत्र गठ्ठा निघतो; डिकॉय त्याच्या तळाशी असतात आणि यादीत त्यांचा उल्लेखही नसतो. शेती बंद करणाऱ्यांचे सामान-लिलाव, रविवारचे कार बूट सेल (गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकायचे बाजार) आणि जुन्या बंदुकांच्या दुकानांच्या मागच्या खोल्या, याही जागा सोडू नका. दुकानात विचारताना ‘रबरी डिकॉय आहेत का?’ असं विचारलं तर उत्तर नाही असंच येतं. ‘न विकला गेलेला जुना माल वर माळ्यावर पडलाय का?’ असं विचारा. मोठ्या मेळ्यांतही फिरा. द गेम फेअर १९५८मध्ये न्यूमार्केटजवळच्या स्टेचवर्थला सुरू झाला आणि आजही उन्हाळ्यात भरतो. तिथे जुन्या शिकारसाहित्याचे विक्रेते भेटतात, आणि त्यांच्याकडे आपलं नाव व फोन ठेवून येणं हे तिथे काही विकत घेण्याइतकंच कामाचं आहे.

सगळ्यात चांगले डिकॉय मला वाटतं जुन्या शिकाऱ्यांकडेच असतात. रेप (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक), वाटाणा आणि धान्याच्या शेतांवर वर्षानुवर्षं बसलेली ही माणसं आता गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाहीत. त्यांच्याशी घाई करू नका. चहा घ्या, ऐका. साचा कोणता, काठी कुठे बसवायचे, रंग कोणता लावायचे, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. त्यांच्याच तोंडून कळतं.

पायरी ३: न पाहता घेताना काय मागायचं

वरून काढलेला फोटो काहीच सांगत नाही. चार फोटो मागा: पोटाकडून आतली बाजू, मान आणि धड जुळतात ती जागा, काठीचं भोक आणि शेपटीची कड. भेगा या चार ठिकाणीच सुरू होतात. मग तीन प्रश्न विचारा. हाताला चिकटतं का? हलकं दाबलं तर परत फुगतं का? इतकी वर्षं कुठे ठेवले होते? माळ्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा काचेच्या खोलीत, असं उत्तर आलं तर भाव उतरवून मागा किंवा सोडून द्या. तळघर किंवा घरातली अंधारी खोली हे चांगलं उत्तर.

गठ्ठ्यातला एक जरी डिकॉय लिबलिबीत असेल आणि बाकीचे त्याला लागून ठेवलेले असतील, तर त्यांचेही पृष्ठभाग खराब झालेत असं धरून चाला.

पायरी ४: हातात आल्यावर

रबर दोन उलट दिशांनी म्हातारं होतं. ब्रिटनमध्ये थॉमस हॅनकॉकने १८४३मध्ये आणि अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८४४मध्ये पेटंट घेतलं त्या पद्धतीत गंधकाने रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. हवेतला ऑक्सिजन पुढे वर्षानुवर्षं त्या तोडत राहतो, किंवा त्यांच्यात नको तितके नवे बंध घालतो. तुटल्या तर रबर चिकट आणि लिबलिबीत होतं. बंध वाढले तर ताठ आणि ठिसूळ. दोन्ही बदल उलटवता येत नाहीत, बाजारातल्या फवाऱ्यांवर काहीही लिहिलेलं असो.

एक अपवाद आहे आणि त्यामुळे स्वस्तात चांगला माल मिळू शकतो. थंडीत राहिलेलं रबर नुसतं गारठ्यानेही ताठरतं. जानेवारीतल्या लिलावात दगडासारखा लागलेला डिकॉय लगेच टाकून देऊ नका. घरी आणून अर्धा तास कोमट पाण्यात, हाताला सुखाचं वाटेल एवढ्याच गरम पाण्यात, बुडवून ठेवा. सैल पडला तर तो फक्त गारठलेला होता. तसाच ताठ राहिला तर तो खरोखर म्हातारा झालाय.

गारठलेल्या अवस्थेत मात्र मुडपून पाहू नका. थंड रबर तिथेच उकलतं.

पृष्ठभागावर पांढुरकी भुकटी दिसली तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा ते रबरात मुद्दाम मिसळलेलं मेण किंवा गंधक असतं, जे हळूहळू वर येतं. मेणाचा तो थर ओझोनपासून संरक्षण करतो. घासून घासून तो काढत बसलात तर रबराचं कवचच काढून टाकाल. बुरशीचे डाग वेगळे: ते ठिपक्याठिपक्यांचे असतात आणि त्यांना कुबट वास येतो.

मग सगळ्यांची तीन ढिगांत वाटणी करा. लवचीक आणि कोरडे ते शेतावर जातील. किंचित ताठ किंवा बारीक चिरा असलेले दुरुस्तीला. चिकट झालेले तिसऱ्या ढिगात, बाकीच्यांपासून लांब.

पायरी ५: धुणं

कोमट पाणी, मऊ फडकं, सौम्य साबणाचे दोन थेंब. कपड्यांची पावडर वापरू नका. तिच्यात कपडे उजळ दिसावेत म्हणून घातलेली द्रव्यं अतिनील प्रकाशात चमकतात, आणि कबुतरांच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा अतिनीलच्या बाजूचं जास्त दिसतं. आपल्याला राखाडी दिसणारा डिकॉय त्यांना भलताच दिसू शकतो. धुतल्यावर साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा आणि सावलीत वाळवा. रेडिएटरवर किंवा उन्हात कधीच नाही.

पेट्रोल, रॉकेल, गंज सोडवायचे फवारे, व्हॅसलीन, मशीनचं तेल, यातलं काहीही नैसर्गिक रबराला लावू नका. खनिज तेल रबरात शिरतं, ते फुगतं आणि कमकुवत होतं. गंमत अशी की लावल्यावर पहिले काही दिवस डिकॉय मऊ आणि नवा वाटतो, आणि त्यामुळेच हा सल्ला तोंडोतोंडी टिकून राहिला आहे. सिलिकॉनचा फवारा रबराला खात नाही, पण चकाकी आणतो आणि नंतर ना रंग धरतो ना रबर चिकटवायचं सोल्युशन.

जुन्या डिकॉयमध्ये छऱ्याचे दाणे रुतलेले सापडतात. ते बहुधा शिशाचे असतात. चिमट्याने काढा, हातमोजे घाला, हात धुवा. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. घासायचाच तर ओल्या पॉलिश पेपरने.

पायरी ६: चिरा आणि फाटलेली भोकं

सायकलचं पंक्चर काढायचा संच इथे पुरतो. पण ठिगळ संचातलंच घ्या. जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे चालत नाहीत, कारण बहुतेक ट्यूब ब्युटाइल रबराच्या असतात आणि त्यांची नैसर्गिक रबराशी पक्की जुळणी होत नाही.

पहिल्यांदा चिरेचं टोक शोधा. तिथे चामडं टोचायच्या पंचने अगदी बारीक गोल भोक पाडा. टोकदार चीर पुढे सरकत राहते. गोल कडेवर ताण पसरतो आणि ती थांबते. चांगल्या डिकॉयला भोक पाडायला हात धजावत नाही हे खरं, पण हे न करता लावलेलं ठिगळ पुढच्या हंगामात चिरेच्या मागोमाग उकलतं. मग आतल्या बाजूने पॉलिश पेपर फिरवून पृष्ठभाग खरबरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सोल्युशनचा पातळ थर लावा आणि थांबा. थर ओला दिसेनासा होईपर्यंत, साधारण पाच मिनिटं. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेलं ठिगळ धरत नाही. मग दाबून बसवा आणि रात्रभर तसंच ठेवा. चीर बंद होईल अशा स्थितीत डिकॉय ठेवूनच ठिगळ लावा, ताणलेल्या स्थितीत नाही. खोलीची खिडकी उघडी असू द्या.

काठीचं भोक मोठं झालं असेल तर आतून जाड रबराची चकती चिकटवून त्यात नवं भोक पाडा. मजबुतीसाठी वॉशर घालायचं असेल तर नायलॉनचं किंवा स्टेनलेस स्टीलचं घ्या. पितळेचं वॉशर किंवा तांब्याची तार दिसायला छान आणि हाताशीही असते, पण तांबं नैसर्गिक रबराचा नाश झपाट्याने घडवून आणतं. विकत घेतलेल्या डिकॉयला आधीच्या मालकाने तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर घरी आल्याआल्या ती सोडवा.

चिकट झालेल्यांना शंखजिऱ्याची पूड चोळली तर चिकटपणा झाकला जातो, बरा होत नाही. असा डिकॉय एखाद-दुसऱ्या हंगामापुरता मागच्या रांगेत उभा करता येतो. त्यावर रंगाचा खर्च करू नका.

पायरी ७: रंग

एनॅमल रबरावर पहिल्याच मुडपण्याला पोपडे धरतं. चित्रकारांचे साधे ॲक्रिलिक रंग उबेत लवचीक असतात पण कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतात, आणि वुडपिजनच्या झुंडी रेपवर उतरतात ती नेमकी थंडी. द्रव लॅटेक्समध्ये ॲक्रिलिक रंग मिसळून पातळ थर देणं मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं. रबरी मुखवटे बनवणारेही असंच करतात. आधी पोटाच्या आत एका कोपऱ्यात लावून वाळू द्या, बोटाने ताणून पाहा, आणि धरला तरच पुढे जा. वाळलेला थर किंचित चकाकतो. त्यावर शंखजिऱ्याची पूड मऊ ब्रशने फिरवून जादा झटकली की चमक मरते.

मूळ रंग जितका धड असेल तितका राहू द्या. मानेचा ठिपका, पंखाच्या कडेची रेघ आणि शेपटीची पट्टी एवढंच ठसठशीत केलं तरी शेतावर काम भागतं. नवशिके पांढरा सढळ हाताने लावतात. तसं करू नका: उघडा पंख म्हणजे उडायला निघालेला पक्षी, आणि शांत चरणाऱ्या थव्यात तसे सगळेच दिसले तर वरून येणारा थवा बिचकतो. छाती गुलाबीपेक्षा राखाडीकडे झुकलेली बरी.

पायरी ८: शेतावर

पक्षी वारा येतो तिकडे तोंड करून उतरतो. डिकॉयची तोंडं ढोबळमानाने वाऱ्याकडे ठेवा, पण कवायतीसारखी एका रेषेत नको. दोन डिकॉयमध्ये दीडदोन मीटर मोकळे सोडा. घोड्याच्या नालासारखी मांडणी करून मधली जागा उतरायला रिकामी ठेवतात, आणि ती शिकाऱ्याच्या लपणापासून २०-२५ मीटरवर असते. सगळ्यात उत्तम डिकॉय या मोकळ्या जागेच्या कडेला, दुरुस्त केलेले आणि अर्धमेले मागे.

काठी रबरात रेटून बसवू नका. भोकाला आधी थोडं पाणी लावा. काढताना डोकं धरून ओढलं की मान जाते; धडाखाली बोटं घालून वर उचला. गारठ्याच्या सकाळी पिशवी रात्रभर गाडीत न ठेवता घरात ठेवली तर मांडताना रबर मऊ असतं.

पायरी ९: साठवण

डिकॉय शेतावर कमी आणि साठवणीत जास्त मरतात, म्हणून इथे वेळ द्या.

ओझोन हवेत अगदी थोडा असतो, पण तो ताणलेल्या रबरावर चिरा पाडतो, ताणाच्या आडव्या दिशेने. ताण नसेल तर या चिरा पडतच नाहीत. साठवणुकीचं सगळं तंत्र या एका गोष्टीभोवती फिरतं: डिकॉय त्याच्या मूळ आकारात, घडी न पडता, वर ओझं न ठेवता राहिला पाहिजे. एकात एक दाबून रचलेल्या शेलच्या कडा ताणलेल्या असतात. आतून कोरा, छपाई नसलेला पातळ कागद भरून प्रत्येकाला आधार द्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात एकाच थरात मांडा. मानेतून दोरी ओवून खिळ्याला टांगायची पद्धत जुनी आहे, पण सगळं वजन मानेवर येतं आणि चीर तिथेच पडते.

जागा अंधारी, कोरडी, थंड. रबरी वस्तूंच्या साठवणुकीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २२३०, तापमान २५ अंश सेल्सियसच्या खाली ठेवायला सांगतं. उन्हाळ्यात माळा आणि गाडीची डिकी ही मर्यादा सहज ओलांडतात. गॅरेजमध्ये वेल्डिंग, ब्रश असलेल्या मोटरचं ड्रिल किंवा अतिनील दिवे चालत असतील तर तिथे ओझोन तयार होतो. खोकं दुसरीकडे हलवा.

पीव्हीसीचे डिकॉय त्याच पिशवीत ठेवू नका. पीव्हीसीतलं मऊ करणारं द्रव्य स्पर्शातून रबरात उतरतं. पॉलिथिन चालतं, पीव्हीसीची ताडपत्री नाही. साठवण्याआधी आतून-बाहेरून शंखजिऱ्याची पूड हलकेच भुरभुरवा, म्हणजे ते कशालाच चिकटणार नाहीत. संग्रहालयं नाजूक रबरी वस्तू हवाबंद पाकिटात ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवतात. वापरायचा नसलेला, एखाद्या दुर्मीळ साच्याचा नमुना तुमच्याकडे असेल तर हे जरूर करा.

वर्षातून दोनदा, हंगामाच्या आधी आणि नंतर, खोकी उघडून प्रत्येक डिकॉय हातात घ्या. चिकटायला लागलेला लगेच वेगळा काढा.

एकाच साच्याचे बरेच डिकॉय जमले असतील तर त्यातला मूळ रंग सगळ्यात शाबूत असलेला एक बाजूला ठेवा. त्याला दुरुस्ती नको, रंग नको, शेतही नको. बाकीच्यांना रंग देताना छातीची छटा किती राखाडी आणि मानेचा ठिपका किती मोठा, हे त्याच्याकडे पाहून ठरवता येतं, आणि बंद झालेल्या साच्याचा दुसरा पुरावा सहसा हाती लागत नाही.